मस्तानी किती? पात्रांच्या वर्गीकरणाचा एक विचार

एकाच नावाची व्यक्तिरेखा वेगवेगळ्या कथांत वेगवेगळे चरित्र घेऊन वावरू लागली म्हणजे त्या सर्व कथांतील व्यक्ती एकच मानायची की नावापुरतीच समान मानायची, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना जितका महत्त्वाचा तितकाच इतिहासाच्या वाचकांनाही महत्त्वाचा आहे. या प्रश्नावर अलीकडच्या काळात अत्यंत काटेकोर काम कोणी केले असेल, तर ते खेळण्यांवरून निर्माण झालेल्या पात्रांच्या चाहत्यांनी. ज्यांना सहसा कोणी विद्वानांत गणत नाही अशा या मंडळींनी बसवलेली शिस्त मराठी वाचकांच्याही उपयोगाची आहे, आणि ती कुठे उपयोगी पडते व कुठे अपुरी ठरते हे शिरूर तालुक्यातील पाबळ येथे जिची समाधी आहे त्या मस्तानीच्या उदाहरणावरून चांगले स्पष्ट होते.

या शिस्तीचे सर्वांत विकसित रूप ‘ट्रान्सफॉर्मर्स’ या खेळण्यांच्या चाहत्यांत आढळते. मोटारी, विमाने अशा वस्तूंतून यंत्रमानवात बदलणारी ही खेळणी जपानच्या ताकारा कंपनीने आधी वेगळ्या नावांनी विकली होती. 1984 मध्ये अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने ती नव्या नावाने बाजारात आणली आणि त्यांना नावे, स्वभाव व परस्परांतील वैर देण्याचे काम मार्व्हल या चित्रकथा-प्रकाशन संस्थेकडे सोपवले, जिथे बॉब बुडियान्स्की या लेखकाने बहुतेक पात्रांना व्यक्तिमत्त्व दिले. त्याच वर्षी चित्रकथा आणि दूरचित्रवाणी मालिका अशा दोन वाटांनी कथा सुरू झाली व दोन्ही वाटा लवकरच एकमेकींपासून दूर गेल्या. यंत्रमानवांचा नायक ऑप्टिमस प्राइम 1986 च्या चित्रपटात शत्रूशी झालेल्या द्वंद्वात जखमी होऊन मरतो. चित्रकथेत मात्र तो एका व्हिडिओ गेममध्ये निरपराध पात्रांचा बळी देऊन विजय मिळवल्याचे शल्य मानतो, स्वतःला पराभूत ठरवतो आणि ठरलेल्या अटीप्रमाणे स्वतःचा नाश करवून घेतो. ज्याचे मरणच दोन प्रकारचे आहे तो एक कसा म्हणायचा, हा प्रश्न चाहत्यांपुढे इथूनच उभा राहिला, आणि पुढे नव्या मालिका व चित्रपट येत गेले तसतसा तो अधिकच गुंतागुंतीचा झाला.

चाहत्यांनी काढलेले उत्तर असे की, वर्गीकरणाचे मूळ एकक पात्र नसून कथाविश्व आहे. ज्या कथांतील घटना एकमेकींना बाधित न करता एकाच काळरेषेवर बसतात त्या सर्वांचे मिळून एक कथाविश्व होते, आणि एकाच मूळ कल्पनेतून फुटलेल्या कथाविश्वांचे मिळून एक कूळ होते. या मांडणीतून तीन नियम निघतात. पहिला नियम असा की, एका विश्वातील घटना दुसऱ्या विश्वातील पात्राच्या चरित्रात घालता येत नाही. दुसरा असा की, नाव सारखे असणे हा व्यक्ती एक असल्याचा पुरावा नव्हे, कारण नावावरील व्यापारी हक्क टिकवण्यासाठी कंपनी जुने नाव पूर्णपणे वेगळ्या खेळण्यालाही देते. तिसरा, आणि सर्वांत मोलाचा, नियम असा की, पात्राविषयीच्या प्रत्येक विधानाजवळ ते कोणत्या कथेतून आले हे सांगितले पाहिजे.

हे नियम हाताशी ठेवून मस्तानीकडे पाहिले, तर मराठी समाजमनात तिच्याविषयी किती भिन्न चरित्रे एकत्र कालवली गेली आहेत हे ध्यानात येते. कागदपत्रांच्या आधाराने उभी राहणारी मस्तानी फार थोड्या शब्दांत सांगता येते. 1729 मध्ये पहिल्या बाजीराव पेशव्याने महंमदखान बंगशाच्या वेढ्यातून बुंदेलखंडाच्या छत्रसालाची सुटका केली आणि त्यानंतर ती बाजीरावाच्या आयुष्यात आली. 1734 मध्ये तिला पुत्र झाला व तो पुढे समशेर बहाद्दर या नावाने ओळखला गेला. पेशवे कुटुंबात तिच्यावरून तीव्र कलह झाला आणि बाजीराव मोहिमेवर असताना तिला नजरकैदेत ठेवण्यात आले. 28 एप्रिल 1740 रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीरावाचा मृत्यू झाल्यानंतर लवकरच तीही गेली आणि पाबळला तिचे दफन झाले. समशेर बहाद्दर 1761 मध्ये पानिपतावर लढून जखमांनी मरण पावला, व त्याच्याच वंशात बांद्याचे नवाब झाले.

यापलीकडची मस्तानी कथाविश्वांची आहे. लोकसमजुतीतील मस्तानी कधी छत्रसालाची कन्या असते, कधी दरबारातील नर्तकी, तर कधी निजामाकडून आलेली. ती इतकी नितळ गोरी असते की पान खाताना गळ्यातून उतरणारा लाल रस बाहेरून दिसतो. आणि तिचा अंत कधी विषाने, कधी धक्क्याने, तर कधी पतीच्या चितेवर होतो. यांपैकी शेवटची कथा पाबळच्या समाधीशी जुळवणे कठीण आहे, कारण चिता रावेरखेडीला पेटली आणि दफन शेकडो मैलांवरच्या पाबळला झाले. ना. सं. इनामदारांच्या 1972 मधील ‘राऊ’ कादंबरीतील मस्तानी, जिच्या मनातले बोल कादंबरीकाराने शब्दांत मांडले, ती दुसरी मस्तानी होय. याच कादंबरीवर आधारलेल्या, संजय लीला भन्साळी यांच्या 2015 च्या ‘बाजीराव मस्तानी’ चित्रपटातील मस्तानी तिसरी आहे. ती तलवार घेऊन बाजीरावाच्या छावणीत येते आणि अखेरीस बेड्यांत, बाजीराव प्राण सोडतो त्याच घटकेला, मरण पावते. दूरचित्रवाणी मालिकांतील मस्तानी आणखी वेगळ्या. पुण्यात दुधात आइस्क्रीम घालून मिळणाऱ्या मस्तानीने तर केवळ नाव उचललेले आहे, आणि चाहत्यांच्या दुसऱ्या नियमाचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणे अवघड.

2015 मध्ये ‘पिंगा’ या गाण्यात बाजीरावाची पत्नी काशीबाई व मस्तानी यांना एकत्र नाचताना दाखवल्यावरून वाद झाला, तेव्हा असे वर्गीकरण नसल्याची उणीव प्रकर्षाने जाणवली. त्या वादात दोन वेगवेगळे आक्षेप एकमेकांत मिसळले होते. पेशव्यांच्या घरातील स्त्रिया अशा नाचल्या नसत्या, हा आक्षेप पुराव्याचा होता; तर आदरणीय स्त्रीचे असे चित्रण करूच नये, हा आक्षेप औचित्याचा होता. पहिल्याचा निर्णय कागदपत्रांनी करायचा असतो आणि दुसऱ्याचा समाजाने विचारपूर्वक करायचा असतो. चित्रपटातील मस्तानी ही चित्रपटाच्या कथाविश्वाची आहे एवढे मान्य केले, तरी दुसरा आक्षेप संपत नाही. पण पहिला आक्षेप योग्य जागी ठेवता येतो, आणि चित्रपट पाहून इतिहास कळला असे मानणाऱ्या प्रेक्षकालाही सावध करता येते.

तथापि चाहत्यांची पद्धत इथे जशीच्या तशी लावणे हीदेखील चूक ठरेल. खेळण्यांच्या जगात कोणतेही कथाविश्व दुसऱ्यापेक्षा अधिक खरे नसते. चित्रकथेतला ऑप्टिमस आणि चित्रपटातला ऑप्टिमस हे समान दर्जाचे असतात, कारण दोघांच्याही मागे प्लास्टिकच्या वस्तूखेरीज काही नसते. चाहत्यांनी काही काळ अशीही कल्पना मान्य केली होती की, युनिक्रॉनसारखी काही पात्रे सर्व विश्वांत मिळून एकच असतात. पुढे ती सोडून देण्यात आली. कल्पित पात्राला सर्व कथांच्या बाहेर आधार देणारे असे काही नसते. मस्तानीला तो आधार आहे. ती एका काळी श्वास घेत होती, तिच्यावर अन्याय झाला असेल तर तो प्रत्यक्ष झाला, आणि तिच्याविषयीचे खोटे विधान हे नुसते निराळे विधान नसून खोटेच असते. म्हणून ऐतिहासिक मस्तानीला कथाविश्वांच्या यादीतील एक नोंद मानता येत नाही. बाकीच्या सर्व नोंदी जिच्याशी ताडून पाहायच्या ती मोजपट्टी म्हणूनच तिला वेगळे ठेवावे लागते.

पाबळची समाधी या दृष्टीने महत्त्वाची आहे. कोणी तिला समाधी म्हणतात, कोणी मजार म्हणतात. पण दोघेही एकाच मातीसमोर नतमस्तक होतात, आणि ती माती कोणत्याही कादंबरीची किंवा चित्रपटाची नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूडहून आणून जपलेला मस्तानी महाल असो की पाबळची समाधी, अशा स्थळी येणारा पाहुणा बहुधा पडद्यावरची मस्तानी मनात घेऊन येतो, यात वावगे काही नाही. कथेनेच त्याला तिथवर आणलेले असते. त्याला परतताना मात्र कागदपत्रे काय सांगतात, लोकसमजूत काय सांगते, कादंबरीने काय रचले आणि चित्रपटाने काय भर घातली, हे चार भाग वेगळे करून कोणीतरी सांगितले पाहिजे. ही जबाबदारी स्थळांची देखभाल करणाऱ्यांची, शाळेत इतिहास शिकवणाऱ्यांची आणि ऐतिहासिक ललितलेखन करणाऱ्यांची आहे. लेखकाने प्रस्तावनेत आपली भर कुठे सुरू होते हे नोंदवले, तर त्याच्या कल्पनेचे मोल घटत नाही, उलट तिच्याकडे कल्पना म्हणून निखळपणे पाहता येते.

प्लास्टिकच्या यंत्रमानवासाठी चाहते इतका काटेकोरपणा बाळगतात, तो त्यांच्या प्रेमापोटी. जिला जिवंतपणी आपले म्हणणे मांडू दिले गेले नाही अशा स्त्रीच्या बाबतीत तोच काटेकोरपणा अधिक आवश्यक आहे, कारण तिच्या नावावर वाटेल ते जमा होऊ देणे हे तिचे बोलणे दुसऱ्यांदा हिरावून घेणे आहे.