शिकवलं नाही, तरी शिकता येतं

‘ते आम्हाला कधी शिकवलंच नाही.’ चामटोली गावाहून बदलापूर स्टेशन गाठताना असं कुणी ना कुणी म्हणतंच. कुणी बँकेच्या अ‍ॅपबद्दल म्हणतं, कुणी ऑफिसातल्या एक्सेलबद्दल, कुणी लेकीच्या गणिताबद्दल. म्हणणं खरंच असतं. पण तेवढ्यावर थांबलं की शिकायचं राहून जातं. ‘जरा दाखवतेस का?’ असं पुढे विचारलं, तर वाट मोकळी होते.

पुण्याच्या रोहिणी गोडबोले यांचंच पाहा. त्या मुलींच्या शाळेत शिकत होत्या. सातवीपर्यंत तिथे विज्ञानाच्या जागी गृहविज्ञान असे. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी त्यांनी विज्ञानाचा अभ्यास वेगळा केला. पुढे त्या नावाजलेल्या कणभौतिकशास्त्रज्ञ झाल्या. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ‘लीलावतीज डॉटर्स’ या पुस्तकाच्या सहसंपादक म्हणून भारतातल्या सुमारे शंभर स्त्री-वैज्ञानिकांची ओळखही त्यांनी करून दिली.

चीनच्या चिएन-शिउंग वू यांचंही असंच. त्यांचा जन्म १९१२ चा, शांघायजवळच्या लिउहे गावातला. सूचौला त्या शिक्षिका होण्याचं शिक्षण घेत होत्या. त्या अभ्यासक्रमात विज्ञानाला फारशी जागा नव्हती. मग दुसऱ्या शाखेतल्या मैत्रिणींचा अभ्यास आटोपला, की रात्री त्यांची पुस्तकं मागून घ्यायच्या आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आपलं आपण शिकायच्या. पुढे त्या भौतिकशास्त्रज्ञ झाल्या. तेव्हा आरशातलं जगही आपल्या जगाच्याच नियमांनी चालेल, असं शास्त्रज्ञ धरून चालले होते. १९५६-५७ च्या हिवाळ्यात वूबाईंनी कोबाल्ट-६० अतिशय थंड करून प्रयोग केला. बीटा प्रकारच्या किरणोत्सर्गात हा नियम पाळला जात नाही, हे त्यातून सिद्ध झालं. १९५७ चं नोबेल या नियमाबद्दल आधी शंका मांडणाऱ्या दोघांना मिळालं, वूबाईंना नाही. त्यांचं संशोधन मात्र चालूच राहिलं. १९७८ साली भौतिकशास्त्राचं पहिलं वुल्फ पारितोषिक त्यांना मिळालं.

मोठ्या प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी एक मागून आणलेलं पुस्तक होतं. मागणारीला संकोच वाटला नाही आणि देणारींनी हात आखडला नाही. आपल्यालाही एवढं जमण्यासारखं आहे. अडलेली एक गोष्ट आज कुणाला तरी विचारूया. तो वयाने लहान असला, तरी विचारूया. आणि आपल्याला कुणी विचारलं, तर ‘एवढंही येत नाही?’ न म्हणता शेजारी बसवून दाखवूया. रोज थोडं विचारणारं आणि थोडं सांगणारं घर हीसुद्धा एक चांगली शाळाच असते.