क्षेत्र आणि अक्षेत्र

ठाण्यात मासुंदा तलावाला फेरी घाला. निघालात तेथेच याल. ही बंद आकृती. १८५४ साली कल्याणास पोचलेल्या लोहमार्गाचे तेव्हा एक टोक बोरीबंदरास, दुसरे कल्याणास, ती उघडी. बंद आकृतीला आत-बाहेर असते, उघडीला नाहीच. पण टोके जुळली म्हणजे आत जागा होतेच, असे नव्हे बरे! भास्कराचार्यांची लीलावती (११५०) आम्ही पाठशाळेत घोकली. तीत ३, ६ व ९ अशा भुजांच्या त्रिकोणाला आचार्य अक्षेत्र ठरवितात. काड्या मांडून पाहा ना! धाकट्या दोघी थोरलीवर सपाट निजतात. टोके जुळतात, पण पोटच नाही. डोंबिवलीचा वारकरी पंढरीस जातो नि त्याच वाटेने घरी परततो. आता सांगा, त्या वाटेच्या आत कोण आणि बाहेर कोण?