डावलायचं तर लिहून डावला

मुंबईच्या वारसा नियमावलीत एक परंतुक आहे. १९९५ साली राज्य सरकारने बृहन्मुंबईसाठी ही नियमावली लागू केली. देशातली अशी ती पहिली. यादीतल्या इमारतीला हात लावायचा तर प्रस्ताव मुंबई वारसा संवर्धन समितीकडे जातो. समिती पालिका आयुक्तांना सल्ला देते आणि आयुक्तांनी त्याप्रमाणे वागायचं असतं. मग ते परंतुक येतं: अपवादात्मक परिस्थितीत आयुक्त हा सल्ला डावलू शकतात, पण कारणं लेखी नोंदवून. आणि डावलण्याचा अधिकार त्यांना हाताखालच्या कोणालाही सोपवता येत नाही.

नियमांच्या गर्दीत ही ओळ कोणी थांबून वाचत नाही. पण सल्लागार समितीचं सगळं बळ मला त्या ओळीत दिसतं. आपल्याकडे फाइल टेबलामागून टेबल चढत जाते, प्रत्येक जण ‘मान्यतेस्तव सादर’ लिहून सही करतो आणि शेवटी निर्णय नेमका कोणी घेतला ते सांगता येत नाही. इथे एका माणसाला स्वतः लिहावं लागतं की तज्ज्ञांचं म्हणणं मला का पटलं नाही. तो कागद न्यायालयात मागवता येतो. २००५ नंतर माहितीच्या अधिकारात नागरिकालाही मागता येतो. समितीला नकाराधिकार नाही, पण तिचा सल्ला मोडणं फुकट होत नाही.

मग सरळ नकाराधिकारच का देऊ नये? दिल्लीत तसं आहे. १९७३च्या कायद्याने तिथे नागरी कला आयोग नेमला गेला. त्याच्या कक्षेतल्या बांधकामांचे प्रस्ताव स्थानिक संस्थांनी आयोगाकडे पाठवायचे आणि त्याचा निर्णय त्यांच्यावर बंधनकारक. वाचायला हे भक्कम वाटतं. पण सल्ला बंधनकारक झाला की सल्ला देणारा परवानगीची आणखी एक खिडकी होऊन बसण्याचा धोका असतो. वास्तुरचनाकार मग चांगलं काय हे शोधत नाही, पास काय होतं ते शिकतो.

दुसरं टोक इंग्लंडचं. १९२४पासून चालत आलेल्या रॉयल फाइन आर्ट कमिशनच्या जागी १९९९ साली वास्तुकला आणि बांधीव परिसरासाठी नवा आयोग आला. इंग्रजी आद्याक्षरांवरून लोक त्याला ‘केब’ म्हणत. त्याच्या हाती अडवण्याचा अधिकार अजिबात नव्हता. वास्तुरचनाकार, अभियंते, नगररचनाकार अशी मंडळी नकाशा समोर ठेवून बसत, विकासकाच्या माणसांना प्रश्न विचारत आणि मग पत्र लिहीत. योजना मंजुरीसाठी दाखल झाली की त्यावरचं पत्र लोकांसमोर येई. मंजुरी देणाऱ्या नगरसेवकाला त्या पत्राकडे काणाडोळा करणं अवघड जाई. म्हणजे मुंबईत जे काम परंतुक करतं, ते तिथे प्रसिद्धी करत होती.

केबची खरी करामत मात्र वेळेत होती. आराखडा अजून पेन्सिलीत असताना इमारतीचं दार गल्लीकडून रस्त्याकडे फिरवायला काही लागत नाही. खांबांची गणितं झाली, कर्ज मंजूर झालं, जाहिराती लागल्या की सल्लागाराच्या वाट्याला बाहेरच्या रंगावर मत देणं तेवढं उरतं. आपल्याकडे समित्यांची चेष्टा होते ती बहुधा या शेवटच्या मुक्कामावरची असते, आणि ती रास्तही असते.

केबलाही डाग लागला. पहिले अध्यक्ष स्टुअर्ट लिप्टन स्वतः बडे विकासक. हितसंबंधांच्या प्रश्नावरून २००४ साली त्यांना पद सोडावं लागलं. ज्याला इमारत कशी उभी राहते ते कळतं त्याचे हात या धंद्यात गुंतलेले असण्याचा संभव मोठा, ही अडचण कोणत्याच समितीला टळत नाही. पुढे २०१०च्या काटकसरीत सरकारने अनुदान काढून घेतलं आणि २०११ साली उरलेला आयोग डिझाइन कौन्सिलमध्ये विलीन झाला. पण आराखडे तपासणाऱ्या मंडळांच्या शिफारशींची स्थानिक प्राधिकरणांनी दखल घ्यावी, ही अपेक्षा इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात राहिली.

आता गोष्टीची दुसरी बाजू. सल्ला मोडायला किंमत पडू लागली की सत्तेला एक सोपी वाट दिसते: सल्ला मागायचाच नाही. मुंबईत वारसा यादीच्या तिसऱ्या, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीतल्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या भाड्याच्या) इमारतींच्या पुनर्विकासाला सवलती मिळाल्या आणि समितीची कक्षा तिथे आक्रसली. कोणाला काही डावलावं लागलं नाही, कारण नोंदवावं लागलं नाही.

मात्र याचा सगळा दोष सरकारवर टाकता येत नाही. २०१२ साली वारसा यादीत मोठी भर सुचवली गेली तेव्हा शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी कडाडून विरोध केला. त्यांना सौंदर्याचं वावडं होतं म्हणून नव्हे. गळकं छप्पर, जुना जिना, थकलेले आईवडील आणि त्यात आणखी एका समितीची वाट पाहणं! सल्ल्याची किंमत आयुक्तांऐवजी तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूला पडणार असेल, तर तो समितीला शत्रूच मानणार. म्हणून मुदत हवी: ठरावीक दिवसांत मत आलं नाही तर फाइल पुढे जावी. समितीच्या आळसाची किंमत समितीनेच मोजावी.

आणि हे सगळं यादीतल्या इमारतींपुरतं. बाकीच्या मुंबईचं काय? उत्तुंग इमारतींसाठी तांत्रिक समिती आहे. ती पाया, सांगाडा, सुरक्षितता पाहते आणि ते पाहायलाच हवं. पालिका चटईक्षेत्र मोजते, अग्निशमन दल जिने तपासतं. परळ-लोअर परळला मात्र मनोऱ्याखाली वाहनतळाचे मजले चढतात, पदपथावरून चालणाऱ्याच्या वाट्याला लांबच लांब आंधळी भिंत येते, आणि तिच्याबद्दल प्रश्न विचारणं कोणाच्याच कामात बसत नाही. तळाला चार दुकानं घालता आली असती, वाहनं मागे ढकलता आली असती, निदान सावली देणारी एक ओवरी ठेवता आली असती. फोर्टातल्या दादाभाई नवरोजी रस्त्यावर सलग कमानींखालून चालता येतं ते १८९६च्या नियमामुळे. परळच्या भिंतीला मंजुरी देताना असं काही कोणी सुचवलं नव्हतं, त्यामुळे ते का नाकारलं याची टिपणीही कुठल्या फाइलीत सापडणार नाही.