खालसा करताना प्रजेला कुणी विचारले?

आष्टी तालुका 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तर पश्चिमेला लागून असलेला नगर जिल्हा पेशवाई बुडाल्यापासून इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. हद्दीच्या या टोकाला राज्यकर्ते बदलणे ही दूरची गोष्ट कधीच नव्हती. फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड आणि त्याबरोबर नळदुर्गचा मुलूख, म्हणजे आजचे धाराशिव, ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. 1860 मध्ये नळदुर्ग परत आला. जाताना आणि येताना तिथल्या रयतेला कुणी विचारले नाही. विचारायला हवे होते असे त्या काळी राज्य घेणाऱ्याला वाटत नव्हते, आणि राज्य वाचवू पाहणाऱ्यालाही वाटत नव्हते. प्रजेला विचारण्याची कल्पना पुढे रुजली. ती कशी वाढली हे राज्य हिरावले गेलेल्या राण्यांच्या झगड्यातून जितके स्वच्छ दिसते तितके लढायांच्या वर्णनातून दिसत नाही.

त्याच 1853 च्या नोव्हेंबरात झाशीचे गंगाधरराव नेवाळकर वारले. आदल्याच दिवशी त्यांनी इंग्रज अधिकाऱ्यांच्या साक्षीने मुलगा दत्तक घेतला होता. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि 1854 मध्ये झाशी खालसा केली. लक्ष्मीबाई म्हटली की आपल्याला घोडा आणि तलवार आठवते. पण त्याआधी तीन-चार वर्षे ही बाई कागदावर लढत होती, आणि तो भाग मला तितकाच मोलाचा वाटतो. तिच्या खलित्यांतला युक्तिवाद पक्का आहे: 1817 च्या तहात राज्य वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना कायमचे दिलेले आहे, धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक हा पुत्रच, आणि बुंदेलखंडातल्या इतर संस्थानांत कंपनीने दत्तक मान्य केलेले आहेत. जॉन लँग या वकिलाचाही तिने सल्ला घेतला. साताऱ्यासाठी रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षे हेच मांडत राहिले, नागपूरच्या राणी बांकाबाईंनीही दाद मागितली. या साऱ्या अर्जांचा पाया एकच आहे, तह आणि वंश. रयत त्यात अजून नाही.

यावर आक्षेप येतो की मग राणी केवळ आपल्या गादीसाठी भांडत होती, तिला राष्ट्राची वीरांगना करणे हे नंतरच्यांचे काम. खलित्यांपुरते हे खरे आहे आणि ते मान्य करण्यात राणीचा काही कमीपणा नाही. दिलेला शब्द पाळा, एवढी मागणीही सत्तेपुढे मोठीच असते. शिवाय 1858 च्या मार्च-एप्रिलमध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजने झाशीला वेढा घातला तेव्हा शहर राणीबरोबर लढले आणि त्याची जबर किंमत शहराने मोजली. प्रजेचे मत तिथे कागदावर आले नाही, तटावर आले. डलहौसीच्या बाजूने सांगितले जाते की कंपनीचा कारभार रयतेसाठी अधिक चांगला होता. समजा होता, मग रयतेलाच विचारायला भीती कसली? नोव्हेंबर 1858 च्या जाहीरनाम्यात मुलूख वाढवण्याची इच्छा नाही असे राणी व्हिक्टोरियाला सांगावे लागले आणि पुढे व्हाइसरॉय कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. वंशाचा हक्क मान्य झाला, प्रजेचा प्रश्न तिथेच राहिला.

तो पुढे गेला पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर. राणी लिलिउओकलानी तिथे 1891 मध्ये गादीवर आली. तिच्या भावावर 1887 मध्ये बळाने लादलेल्या राज्यघटनेने असंख्य देशी लोकांचा मताधिकार मालमत्तेच्या अटीत अडकवला होता. लोकांचे अर्ज येत होते म्हणून ती नवी घटना आणू लागली. तेव्हा उसाचे मळेवाले आणि व्यापारी यांच्या गटाने, अमेरिकन जहाजावरचे सैनिक किनाऱ्यावर उतरलेले असताना, 17 जानेवारी 1893 रोजी तिला पदच्युत केले. तिने रक्तपात टाळला, पण लिहून दिले की आपण अमेरिकेच्या बळापुढे नमतो आहोत, या नव्या सरकारपुढे नव्हे. इथवर ही झाशीच्याच जातीची तक्रार आहे. वेगळे घडले ते 1897 मध्ये. विलीनीकरणाचा करार अमेरिकेच्या सेनेटपुढे आला तेव्हा हवाईतल्या पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या संघटनांनी बेटाबेटांवर फिरून विरोधाच्या अर्जावर 21,000 हून अधिक सह्या गोळा केल्या. देशी लोकसंख्या तेव्हा साधारण 40,000 होती. करार बारगळला. राणीला स्वतःची सत्ता वाढवायची होती, असे तिचे विरोधक म्हणत, आणि नव्या घटनेत राजपदाचे अधिकार वाढणार होते हे खरेच. पण सह्या करणाऱ्यांनी आपला देश दुसऱ्याला देण्यास नकार दिला होता. राणीच्या हेतूंवर शंका घेऊन तो नकार पुसला जात नाही.

प्रजेच्या मताच्या या कसोटीची खरी परीक्षा आपल्याच भागात झाली. 1948 च्या ऑगस्टमध्ये निजामाने संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार नेली. इंग्रज गेल्यावर आपण स्वतंत्र झालो, असे त्याचे म्हणणे होते. नुसता तह आणि वंश पाहिला तर त्याची बाजू लक्ष्मीबाईंच्या बाजूपेक्षा दुबळी नव्हती. तरी ती टिकत नाही, कारण 1938 पासून स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली त्याचीच प्रजा जबाबदार राज्यपद्धतीसाठी तुरुंगात जात होती आणि त्याच्या बाजूचे सशस्त्र रझाकार त्याच प्रजेवर तुटून पडत होते. कुणी म्हणेल, हैदराबादेतही सार्वमत झाले नाही. नाही झाले, आणि भारताच्या पोलीस कारवाईनंतर हैदराबाद संस्थानातल्या निरपराध मुसलमानांची जी कत्तल झाली, भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने जिचा अंदाज 27,000 ते 40,000 बळी असा दिला, तीही या मुक्तीच्या हिशेबात मांडलीच पाहिजे. मात्र 1952 मध्ये इथल्या प्रत्येक प्रौढाला मत मिळाले. हवाईला 1898 मध्ये असे काही मिळाले नाही. सेनेटमध्ये दोन तृतीयांश मते जमत नव्हती, म्हणून साध्या बहुमताच्या ठरावाने बेटे घेतली गेली. 1993 मध्ये अमेरिकन काँग्रेसने माफीचा ठराव केला. हवाईच्या मूळ लोकांनी आपल्या सार्वभौमत्वावरचा हक्क राजसत्तेमार्फत किंवा सार्वमताने कधीच सोडून दिलेला नाही, अशी कबुली त्यात लिहिलेली आहे.