करार

देवगडकडच्या आमच्या बागेत आज्याने लावलेली बावीस हापूस कलमं आहेत. त्यांतलं विहिरीकडचं एक पंधरा वर्षांपूर्वी जेवढं होतं, जवळजवळ तेवढंच आजही आहे. पाहुणे म्हणतात, "बरं झालं, फळ हाताला येतं." मी काही बोलत नाही.

हापूस एक वर्ष भरभरून येतो आणि पुढच्या वर्षी नुसती पालवी दाखवतो. आबांना त्याचं काही वाटायचं नाही. म्हणायचे, "बाळतीण लगेच कामाक लागता काय?" पण कॉलेजची फी आड वर्षी येत नाही. लेकीला इंजिनीअरिंगला घातलं, त्या पावसात मी कल्टार घालायचं ठरवलं.

त्यातलं औषध म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल. झाडाला वाढवणारं जिबरेलिन नावाचं एक द्रव्य असतं. त्याचा माग लागला तो जपानात, भाताच्या एका रोगातून. काही रोपं एकाएकी उंच, फिकट होऊन कोलमडायची. तिकडचे शेतकरी त्यांना खुळी रोपं म्हणत. १९२६ साली कुरोसावा या शास्त्रज्ञाने दाखवलं की हा खुळेपणा एका बुरशीने सोडलेल्या द्रव्याचा. तेच द्रव्य झाड स्वतःही तयार करतं, आणि कल्टार ते तयार होऊ देत नाही. पालवी आवरते, पेरं आखूड होतात, झाड मोहोराकडे वळतं. दापोलीच्या विद्यापीठाने माप ठरवून दिलंय: झाडाच्या घेराच्या व्यासाला दर मीटरमागे ३ मिली, जुलै-ऑगस्टात, बुंध्याभोवती खड्डे मारून, पाण्यातून.

आबा म्हणाले, "ह्यां म्हणजे झाडाक दारू पाजणां."

मी वाद घातला. कलम तरी काय असतं? रायवळाच्या रोपाचा शेंडा उडवायचा आणि त्यावर परक्या झाडाची काडी बांधायची. आज्याने तेच केलं ना?

"तां खरां. पण आज्यान तां कोणासाठी केल्यान? आणि तू कोणासाठी करतंस?"

"माझ्या लेकीसाठी," मी म्हटलं. तेव्हा मला हे उत्तर बिनतोड वाटलं होतं.

पहिल्या वर्षी टेप लावून, मोजून घातलं. पालवीच्या वर्षी मोहोर आला, पेट्या लवकर वाशीला गेल्या, फी भरली. दुसऱ्या वर्षी हाव सुटली. विहिरीकडचं कलम सगळ्यांत दांडगं, म्हणून त्याला दुप्पट घातलं. टेप नाही, वाढीव खत नाही, आबांना सांगणं तर नाहीच. पुढे त्याची पानं एका जागी गुच्छासारखी आली, मोहोर मुठीत आवळल्यासारखा. मी घाबरून थांबलो, पण औषध मातीत राहतं. आपण थांबलो म्हणून ते थांबत नाही.

आमच्याकडे बागा चार-पाच वर्षांच्या कराराने देतात. करारदार भरमसाट कल्टार ओततो आणि मुदत संपली की निघून जातो. चहाच्या टपरीवर त्याला शिव्या घालण्यात मी पुढे असे. त्याला झाडाच्या पन्नासाव्या वर्षाशी देणं-घेणं नाही, असं म्हणायचो. बाग माझी, सातबारा आमच्या नावावर, तरी त्या ऑगस्टात माझाही हिशेब चारच वर्षांचा होता. कॉलेज संपेपर्यंतचा.

तरी कल्टारला सरसकट पाप म्हणायला माझी जीभ वळत नाही. म्हणणाऱ्यांनी एकदा झेला घेऊन तीस फुटांवर चढून बघावं. शेजारच्या बागेतला गडी पडला तो कमरेतून गेला, अजून बाजेवर आहे. झाड आटोक्यात ठेवणं हे त्याच्याही बायकापोरांसाठी असतं. मी आजही घालतो; सशक्त झाडाला, मोजून, शेणखत वाढवून. मोजताना टेपचं दुसरं टोक धरायला आबा यायचे. बोलायचे नाहीत, पण आकडा मोठ्याने वाचायचे. ते गेले त्याला सहा वर्षं झाली. विहिरीकडच्या कलमाचं मात्र मी त्यांच्यापाशी कधी कबूल केलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. पण उन्हाळ्यात विहिरीचं पाणी शेंदून आधी त्यालाच घालायचे.

गेल्या श्रावणात लेक पुण्याहून आली होती. विहिरीपाशी उभी राहून म्हणाली, "बाबा, मी ह्याच्याच सावलीत अभ्यासाला बसायचे ना? सावली एवढीशी कशी वाटते?"

मी म्हटलं, "तू मोठी झालीस."