बाप्तिस्म्यानंतरचं पाप

सम्राट कॉन्स्टंटाइनने बाप्तिस्मा घेतला तो ३३७ साली, निकोमेडियाजवळ, अगदी मरणाच्या दारात असताना. ख्रिस्ती लोकांचा छळ त्याने थांबवला होता, चर्च बांधली होती, ३२५ साली निकियाला बिशपांची परिषद भरवली होती. एवढं करूनही स्वतः मात्र तो शेवटपर्यंत थांबला. हे आज चलाखीचं वाटतं, पण त्या काळी हा हिशेब मांडणारा तो एकटा नव्हता. बाप्तिस्म्याने मागची पापं धुतली जातात याबद्दल कुणाला शंका नव्हती. नंतर पाय घसरला तर काय, ही धास्ती होती.

या प्रश्नावर नव्या करारातच दोन सूर ऐकू येतात. एकदा कृपेची चव घेऊन मागे फिरलेल्याला पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य, असं इब्री लोकांस लिहिलेलं पत्र बजावतं. योहानाचं पहिलं पत्र मात्र कबुली देणाऱ्याला क्षमेचं आश्वासन देतं. आरंभीच्या पिढ्यांत कडक सुराचा दबदबा मोठा होता. दुसऱ्या शतकातलं ‘हर्मासचा मेंढपाळ’ हे पुस्तक बाप्तिस्म्यानंतर पश्चात्तापाची एकच संधी देतं. तेर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने आधी ती मान्य केली आणि उतारवयात मोठ्या पापांपुरती काढूनही घेतली. हे सगळं चालू असताना चारही शुभवर्तमानांत पेत्र होताच. कोंबडा आरवण्याआधी त्याने आपल्या गुरूला तीनदा नाकारलं होतं. मंडळीने आपल्या पुढाऱ्याची ती रात्र झाकली नाही, पण त्या रात्रीवरून नियम कसा काढायचा हे तिला लवकर उमगलं नाही.

उमगलं ते अडचणीत सापडल्यावर. २५० साली सम्राट डेशियसने फर्मान काढलं की, प्रत्येकाने देवतांना बळी अर्पण करावा आणि तसा दाखला घ्यावा. इजिप्तच्या वाळूत असे काही दाखले पपायरसवर सापडले आहेत. मजकूर सरकारी छापाचा: मी देवतांना नेहमीच बळी देत आलो आहे, आताही तुमच्यासमोर अर्पण केलं आणि प्रसाद चाखला. त्याखाली साक्षीदाराची सही. एका दाखल्यात अर्जदाराचं वय ७२ आणि उजव्या भुवईवरच्या व्रणाचीही नोंद आहे. असे कागद मिळवणाऱ्यांत पुष्कळ ख्रिस्ती होते. कुणी भीतीने खरोखर बळी दिला, कुणी चिरीमिरी देऊन नुसता दाखला पदरात पाडून घेतला. वादळ ओसरल्यावर हेच लोक प्रभुभोजनासाठी परत आले.

रोममध्ये नोव्हेशियन या धर्मगुरूने त्यांना दार बंद केलं. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, प्रत्येकाची हकिकत वेगळी तपासा, दीर्घ प्रायश्चित्त द्या, पण दार उघडं ठेवा. छळाच्या त्या काळात सिप्रियन स्वतः लपून राहिला होता आणि त्याबद्दल त्याला टोमणेही ऐकावे लागले होते. त्याच्या सबुरीत या अनुभवाचा वाटा असावा, असा माझा आपला अंदाज. पुढच्या छळात, २५८ साली, त्याने लपायचं नाकारलं आणि मान दिली. नोव्हेशियनचा पंथ त्यानंतरही बराच काळ टिकला. निकियाला त्या पंथाचा एक बिशप आला, तेव्हा कॉन्स्टंटाइन त्याला म्हणाला म्हणे, शिडी लाव आणि एकटाच स्वर्गात चढ. बाप्तिस्मा लांबणीवर टाकलेल्या माणसाने हे म्हणावं, यातली गंमत वेगळीच!

ऑगस्टीनचा बाप्तिस्माही असाच लांबला. लहानपणी पोटाच्या दुखण्याने तो जाईल की राहील अशी वेळ आली, बाप्तिस्म्याची तयारी झाली, आणि बरं वाटताच बेत रहित झाला. पोरगं चुकलं तरी लोक म्हणत, करू दे, अजून बाप्तिस्मा कुठे झालाय! तो झाला ३८७ साली, मिलानमध्ये. त्यानंतर दहाएक वर्षांनी त्याने आपली ‘कबुली’ लिहायला घेतली. या पुस्तकाचे पहिले नऊ भाग लोक आवडीने वाचतात, कारण त्यांत तारुण्यातली घसरण आहे आणि तिचा शेवट गोड आहे. मला मोठा वाटतो तो दहावा भाग. तिथे ऑगस्टीन बिशप झालेला आहे आणि आपलं आज काय चाललंय ते सांगतो. स्तोत्र ऐकताना शब्दांपेक्षा गाण्यातच जीव रमतो. कुणी वाखाणलं की बरं वाटतं. घरी बसलेला असताना पाल माशा कशी पकडते तेच बघत राहतो. एवढ्या मोठ्या अधिकारपदावरच्या माणसाने पालीची गोष्ट सांगावी! अपयश बाप्तिस्म्याबरोबर मागे पडलेलं नाही, ते रोज जेवायला सोबत बसतं, हे त्याने लिहून ठेवलं.

पुढचा प्रवास वेगाने झाला. आयर्लंडच्या मठवासीयांनी पापनिवेदन खाजगी आणि पुन्हापुन्हा करण्याजोगं केलं. कोणत्या चुकीला किती दिवस भाकरी-पाणी याचे तक्ते बनले. १२१५ च्या लॅटरन परिषदेने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन सक्तीचं केलं. संधी एकची अनेक झाली, पण मोजदादही आली. त्या मोजदादीने मार्टिन लूथर पिळून निघाला. मठात तो तासन्‌तास पापं सांगत बसे, आणि काही विसरलं तर नसेल ना या शंकेने पुन्हा हैराण होई. १५१७ च्या त्याच्या ९५ प्रबंधांतला पहिलाच प्रबंध सांगतो की, विश्वासणाऱ्याचं सबंध आयुष्य हाच पश्चात्ताप असावा. माणूस एकाच वेळी नीतिमान आणि पापी, हे त्याचं म्हणणं यातूनच पुढे आलं.

लूथरने पापनिवेदन टाकलं नव्हतं, हे मात्र आपण प्रॉटेस्टंट विसरतो. वसईच्या कॅथलिक चर्चमध्ये पवित्र आठवड्यात आजही पापनिवेदनासाठी रांग लागते. आमच्याकडे उपासनेत सगळे मिळून एकसुरात कबुली म्हणतात. त्यात माझं एकट्याचं काहीच सांगावं लागत नाही. उरते ती ‘साक्ष’. साक्षीचा साचा ठरलेला: पूर्वी दारू होती, भांडणं होती, मग प्रभू भेटला. सगळं अपयश भूतकाळात. गेल्या मंगळवारी बायकोवर हात उगारला, अशी साक्ष कुणी दिलेली मी ऐकलेली नाही.

ती दिली लक्ष्मीबाई टिळकांनी, तीही नवऱ्याच्या वतीने आणि हसत हसत. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांची भजनं मराठी मंडळ्यांत अजून गायली जातात. ‘स्मृतिचित्रे’ या लक्ष्मीबाईंच्या आत्मचरित्रातले टिळक उदार आहेत, भोळे आहेत आणि भडकू आहेत; बाप्तिस्म्याने त्यांचा राग पळाला, असा दावा लक्ष्मीबाई कुठेच करत नाहीत.

जर्मनीत १९३५ नंतर फिंकनवाल्डच्या पाळक-शाळेत डीट्रिख बॉनहोफरने व्यक्तिगत पापनिवेदनाची ही तुटलेली कडी जोडायचा प्रयत्न केला. प्रभुभोजनाआधी विद्यार्थ्यांनी एकमेकांजवळ आपापलं पाप बोलावं, असं त्याने सुचवलं. प्रॉटेस्टंट घरांत वाढलेली ती मुलं अवघडली. धार्मिक माणसांच्या घोळक्यात पापी असण्याची कुणाला मुभाच नसते, म्हणून जो तो एकटा पडतो, असं त्याचं निदान होतं. ते त्याने १९३९ साली पुस्तकात मांडलं. त्याआधी शाळेतच एके दिवशी त्याने अशा कामाचा काहीच अनुभव नसलेल्या एका विद्यार्थ्याला गाठलं आणि विचारलं, माझं पापनिवेदन ऐकशील का?