जपणारा हात

गुडीहत्नूरच्या एका शेतकऱ्याचा नातू हैदराबादला शिकत होता. सुटीत घरी आला की त्याच्या तोंडी एकच विषय. "आबा, नोकरी लागली की आधी रोमचे अवशेष बघून येणार. आपल्याकडे आहेच काय बघण्यासारखं?"

आबांनी वाद घातला नाही. संत गोरोबाकाकांच्या दर्शनाला तेरला निघाले, तेव्हा त्यालाही सोबत घेतलं.

दर्शन झाल्यावर दोघं गावाबाहेरच्या पांढरीच्या टेकाडावर चढले. पायाखाली खापरंच खापरं. नातू हिरमुसला. आबा म्हणाले, "हे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दीनं पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर म्हणून याची नोंद केलीय. इथलं कापड गाड्यांतून भडोच बंदरात जायचं आणि तिथून रोमनांच्या मुलखात."

मग ते रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात गेले. पांढऱ्या मातीच्या, दोन साच्यांतून काढलेल्या मूर्ती बघत नातू एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीपाशी थबकला. वीतभराहून लहान मूर्ती, पण कमरेची मेखला आणि हातातली कंकणं किती बारकाईनं कोरलेली!

"आबा, अशीच भारतीय मूर्ती पाँपेईत सापडलीय, 1938 साली! मी फोटो पाहिलाय."

"ती कशी टिकली रे?"

"इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीनं गाव गाडलं. राखेखाली राहिली."

"आणि ही?"

नातवाला उत्तर सुचेना. आबाच बोलले, "लामतुरे याच गावचे. पावसानं उघडं पडलेलं, नांगराला लागलेलं ते गोळा करत राहिले. लोकांना जे खापर वाटलं, ते त्यांनी घरात जपलं आणि पुढं सरकारच्या हवाली केलं. तिकडं राखेनं राखलं, इकडं माणसानं."

थोडं थांबून त्यांनी विचारलं, "आपल्या आदिलाबादजवळ जैनथचं दगडी देऊळ आहे. परमार घराण्यातल्या जगद्देवाचं नाव असलेला शिलालेख तिथं मिळालाय. पाहिलंस कधी?"

नातवानं मान खाली घातली. परतल्यावर दुसऱ्याच दिवशी तो जैनथला गेला. पुढच्या सुटीत गावातल्या पोरांना घेऊन गेला आणि देवळाबद्दल जे वाचलं होतं, ते त्यांना खांबाखांबापाशी उभं करून सांगितलं. रोमला जायची त्याची हौस कमी झाली नाही. पण आपल्याकडे काय आहे, हा प्रश्न त्यानं पुन्हा विचारला नाही.

बोध : वारसा जुनेपणानं टिकत नाही, त्याची किंमत ओळखून जपणारा गावात कुणीतरी असावा लागतो.